पलीकडच्या पेठेचा पावणा

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पलीकडच्या पेठेच्या माणसाचं नाव विचारणं म्हणजे आपल्या टीमशी फितुरी, असं मला वाटायचं. नवी सून होते आणि अक्कल बेताचीच होती. मध्यंतरानंतर दोन्ही टीम बाजू बदलतात, हेही ठाऊक नव्हतं. पहिल्याच मॅचला त्यांनी आमच्यावर गोल केला, आणि तो आमचाच समजून मी उभी राहून टाळ्या पिटल्या! मागून त्याची सणसणीत शिट्टी आली.

"वहिनी, आमच्यात या की! तिकडं काय करताय?"

त्या रागात मी वर्षानुवर्षं आमच्या मैदानावर मुद्दाम त्याच्याच पुढच्या पायरीवर बसले. त्याची टीम मागं पडली की तो टोपी काढून बुडाखाली घ्यायचा. मी लगेच वळायची. "काय पावणं, ऊन लागत न्हाय व्हय?"

परवा त्या मैदानावरची शेवटची मॅच झाली. आता तिथं इमारत होणार. आम्ही जिंकलो. माणसं पांगली, तरी तो उठेना. मीही उठले नाही.

"जिंकलाय न्हवं वहिनी? मग डोळं कशाला पुसताय?"

"तुम्ही हरलाय ना, त्याचं वाईट वाटतंय," मी ठसक्यात सांगितलं.

तो हसला नाही. रिकाम्या गोलपोस्टकडं बघत म्हणाला, "आता आम्ही हरायला कुठं यायचं?"

मी थोडी सरकले. तो एक पायरी उतरून शेजारी बसला.