दिवसा सोडलेली पिल्लं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, शमीमखालाजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही शेंद्र्याच्या आमच्या घरी कधी आलेला नाहीत. आणि ही गोष्ट घरी आलेल्या माणसापासूनच सुरू होते – म्हणजे, खरं तर माझ्यापासून.

आईच्या गिनी कोंबड्या होत्या. राखाडी, अंगभर पांढरे ठिपके. साप दिसला की सगळ्या मिळून असा गलका करायच्या की शेजारचे उठून यायचे. त्या वर्षी शेजारच्या शमीमखालाने गिनीची अंडी दिली. आमच्या खुडूक गावरान कोंबडीखाली ती ठेवली आणि पिल्लं निघाली. कॉलेजातून परत आले की दोघी अंगणातल्या पिंजऱ्याजवळ बसलेल्या दिसायच्या, उकडलेलं अंडं कुस्करून पिल्लांना भरवताना.

"भाभी, मेरे मियाँ को कभी इत्ते लाड से नै खिलायी मैं," खाला म्हणायची.

"मग आता खाऊ घाल की. उशीर झालाय व्हय?" आई म्हणायची, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्या संध्याकाळींची मला फार आठवण येते. पण मी विषय टाळते आहे, नाही का?

मोठ्या गिनी नव्या पिल्लांना सहजी घेत नाहीत, टोचून हाकलतात. म्हणून पिल्लांचा पिंजरा मुद्दाम त्यांच्यात ठेवायचा, रोज दिसत राहील असा. मग पंख भरले की दिवस मावळल्यावर, मोठ्या झाडावर बसल्या की, पिल्लांना हळूच त्यांच्या शेजारी बसवायचं. "अंधारात बसवली की सकाळी कुणी कुणाला हाकलत नाय," आई सांगायची. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वर्गातली मधुरा, शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणारी, एका रविवारी घरी येते म्हणाली. आई लांबच्या शेतात तूर सोंगायला गेलेली. पिंजरा दाराशीच होता, खाली विष्ठा, वर माश्या. मला त्याची लाज वाटली. निव्वळ पिंजऱ्याची? – नाही. सगळ्याचीच. तिची रिक्षा वळणावर दिसली तशी मी पिंजऱ्याचं दार उघडलं, पिल्लांना मोठ्यांत हुसकलं आणि पिंजरा गोठ्यामागे ओढून नेला.

आम्ही चहा घेत होतो तेव्हा आवाज सुरू झाला. गिनींचा गलका, आणि त्याच्या आत बारीक, चिरका दुसरा आवाज. मधुराने विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हणाले, "त्या नेहमीच ओरडतात."

आणि मी बसून राहिले. बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. उठून दोन पावलं टाकली असती तर काय बिघडलं असतं? परत येताना शेणाने भरलेले माझे पाय तिने पाहिले असते, एवढंच.

ती गेल्यावर पाहिलं. काही पिल्लं डोकी फुटून पडली होती, बाकीची घरामागच्या तुरीत पांगली, ती सापडलीच नाहीत. मेलेली मी बांधाकडेला पुरली, पिंजरा परत दाराशी आणून ठेवला. आईने टोचल्याच्या खुणा पाहिल्या असत्या तर तिला लगेच कळलं असतं. आई आली तेव्हा मी म्हणाले – "खालाच्या मांजरीनं नेली. पिंजऱ्याची कडी निघाली होती."

आई कधी भांडत नाही. ती दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीपाशी गेली आणि एवढंच म्हणाली, "शमीम, मांजर बांधायची होतीस."

खालाने वाद घातला नाही. मांजर दिवसभर तिच्याच चुलीपाशी झोपलेली असणार, तिला ते ठाऊक असणार. तरी ती म्हणाली, "मेरी बिल्ली, तो कसूर मेराइच है, भाभी." दुसऱ्या दिवशी तिने मांजर पिशवीत घालून मुकुंदवाडीला बहिणीकडे नेऊन सोडली. मी दारातून पाहत होते. पिशवी हलत होती.

त्यानंतर खाला अंगणात येऊन बसली नाही. ईदला शीरखुर्मा येतो, आमच्याकडून दिवाळीला फराळ जातो, पण भिंतीवरून.

सुट्टीत घरी गेले की कधीतरी जेवताना खालाचा विषय निघतो. आई म्हणते, "बाई लई चांगली. पण मांजर आवरता आली नाय तिला." आणि मी ताटात बघून जेवत राहते.