चार सलीम आणि नुझ्हा आत्या

सल्त गावच्या वरच्या आळीत बातमी अशी होती, की नुझ्हा झुरैकीनं अबू नायेफची अख्खी शाखा घराण्यातून छाटून टाकली. का, तर अंजिराच्या बागेवरून तिच्या बापाचं आणि अबू नायेफचं कधीकाळी वाजलं होतं, त्याचा सूड तिनं आता कॉम्प्युटरवरून उगवला. बातमी भाजीवाल्याकडे पोचली तेव्हा शाखेबरोबर बागही गेली होती. न्हाव्याकडून परत आली तेव्हा नुझ्हानं वकीलसुद्धा केला होता.

यातलं काहीच खरं नव्हतं. जी बाई माऊस असा धरते, की जणू तव्यावरची गरम भाकरी आहे, ती कसला सूड उगवणार? तिनं फक्त एका चौकटीला 'हो' म्हटलं होतं. जरा जास्तच वेळा म्हटलं होतं, हे मान्य.

नुझ्हा आत्या म्हणजे मुलींच्या शाळेच्या कचेरीतली जुनी टंकलेखिका. आयुष्यभर पत्रं बडवली, पण टाइपरायटरनं तिला कधी उलट प्रश्न केला नाही. कॉम्प्युटर मात्र सारखा विचारतो. जतन करायचं का? नक्की? खरंच नक्की? आत्याला प्रत्येक प्रश्नात मुख्याध्यापिकेचा आवाज ऐकू येतो. ती बिस्मिल्ला म्हणते, डोळे मिटते आणि दाबते. शिवाय भीतीपोटी रोज एक नवी प्रत करून ठेवते. तिच्या पडद्यावर वंशावळीच्या फायली ओळीनं उभ्या आहेत: 'शेवटची', 'खरी शेवटची', 'हीच शेवटची', 'इन्शाअल्ला शेवटची'.

हे लचांड तिनं गळ्यात घेतलं कशाला? झुरैकींच्या बैठकीत भिंतीवर घराण्याचं झाड टांगलेलं आहे. खोड, फांद्या, पानं, आणि पानापानावर नाव. सगळी पुरुषांची. ज्या मुली लग्न होऊन गेल्या त्यांना निदान दुसऱ्या घरात कुणाची आई म्हणून हाक मिळाली. नुझ्हाचं लग्न झालं नाही. भिंतीवर तिच्या बापाला तीन मुलगे आहेत, मुलगी नाही. मयताला, साखरपुड्याला, ईदेला, दर वेळी त्या बैठकीत कॉफीचे पेले विसळता विसळता तिनं ते तीन मुलगे पाहिलेत.

भिंत रंगवायची ठरली, झाडही नवं छापायचं ठरलं, तेव्हा ती पहिल्यांदा तोंड उघडून बोलली. "बायकांची नावं घाला."

अबू नायेफ हा घराण्याचा म्होरक्या. बोलण्याआधी तो तीनदा खाकरतो, आणि शब्द असे सोडतो की जणू प्रत्येक शब्द त्याच्या खिशातून जातोय. "ह्म्म्... बायका... घालायला... हरकत... नाही. पण... घालणार... कोण?"

"मी," आत्या म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला घाम फुटला.

"घाल. गुरुवारी संध्याकाळपर्यंत... स्वच्छ चित्र... छापखान्यात. नाही... तर जुनंच... छापू."

पुरुषांची फाईल आधीपासून तयार होती. ती गाझीनं केलेली. गाझी घराण्यातला इंजिनियर, आखातात असतो, आणि फोनवर निरोप असा धाडतो की मागून कुणी कुत्रं लावलंय. आत्या घरोघर फिरली, बायकांना विचारत गेली, घरी येऊन एकेकीची जागा पडद्यावर बोटानं शोधत नाव फाईलमध्ये घातलं. झालं, आता फक्त छापायचं, असं वाटलं आणि ती चौकट उगवली: 'ही दोन माणसं एकच आहेत का?' हो. नाही.

तिनं गाझीला विचारलं. निरोप आला: "आत्या सोपंय काहीच नाही त्यात जुळी नावं दिसतात ती एक करून टाक सगळ्याला हो म्हण चल मीटिंग आहे."

आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. तशात ही चौकट भिकाऱ्यासारखी पुन्हा पुन्हा हात पसरत होती. आत्या हो म्हणत गेली. हो, हो, बाई, हो.

आता आमच्यात थोरल्या मुलाला आजोबाचं नाव ठेवतात. अबू नायेफ म्हणजे नायेफचा बाप; त्याचं स्वतःचं नाव सलीम. त्याचा बाप नायेफ, आजा सलीम, पणजा नायेफ. वर जा, खाली या, सलीम-नायेफ, सलीम-नायेफ, कुंपणाच्या सळयांसारखे. गाझीच्या यंत्राला काय ठाऊक? त्यानं चार सलीम एकात कोंबले. अबू नायेफ स्वतःचाच आजोबा झाला. त्याची आई फिद्दा त्याची सून झाली. आजी आणि बायको दोघी शेजारीशेजारी त्याच्याच गळ्यात पडल्या. एवढा गुंता बघून यंत्रानं हात टेकले, आणि ती शाखाच काढायची बंद केली. चित्रात अबू नायेफच्या जागी पांढरा कागद! ते चित्र कुणीतरी फोनवर फिरवलं, आणि बातमी भाजीवाल्याकडे पोचली.

अबू नायेफचा फोन आला. या वेळी तो खाकरलासुद्धा नाही. "मी कुठाय?"

"आहात हो काका, आतच आहात कुठेतरी."

"आत म्हणजे... कुठे आत?"

आत्यानं त्याला काय सांगावं? तुम्ही तुमच्या आजोबांच्या आत आहात?

तिनं 'खरी शेवटची' उघडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी मन घट्ट केलं. चौकट आली की 'नाही'. नाही. नाही म्हणजे नाही. सलीम वेगळे झाले, शाखा परत आली, आत्यानं अल्लाचे आभार मानले. मग चित्र नीट पाहिलं तर घराण्यात बायका दुप्पट! जी ती दोनदा. कारण आत्यानं प्रत्येकीला बापाच्या घरी गेली तेव्हा लेक म्हणून लिहिलं होतं, आणि नवऱ्याच्या घरी गेली तेव्हा सून म्हणून. आणि आमच्यात चुलतभावाला चुलतबहीण देतात, तेव्हा दोन्ही घरं त्याच झाडावर.

छापखानेवाल्या ईसाला तिनं नमुना पाठवला होता. ईसा नाकातून बोलतो आणि मस्करी सोडत नाही. "बाई, तुमच्या पुरुषांनी सगळ्यांनी दुसरी लग्नं केली, आणि आम्हाला जेवणाचं बोलावणं नाही?"

"ईसा, माझं डोकं फिरवू नकोस."

"फिरवत नाही. पण गुरुवारी मशीन तुमच्यासाठी रिकामं ठेवलंय. संध्याकाळनंतर लग्नपत्रिका घ्यायच्यात. अबू नायेफचा निरोप आलाय, जुनं चित्र तयार ठेव म्हणून."

आत्यानं फोन ठेवला आणि ती पडद्याला हात जोडायच्या बेतात होती. हो म्हटलं तर पुरुष एकमेकांत शिरतात, नाही म्हटलं तर बायकांना जुळ्या होतात. आगीतून उठून फुफाट्यात, फुफाट्यातून परत आगीत. सकाळपासून तिनं चहाखेरीज काही घेतलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून ती छताकडे बघत होती.

तेवढ्यात बदिया आत आली. ही आत्याची भावजय, आणि सख्खी चुलतबहीणही. तिचं प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणाहून निघतं.

"मला काय त्याचं, पण मकलूब्याचा भात गार होतोय."

"मला नको."

"मला काय त्याचं, पण त्यात वांगी तू सांगितलीस म्हणून घातली." बदियानं पडद्यावर वाकून बघितलं. "अगंबाई! ही मी. आणि ही पण मीच?"

"हो. दोनदा आहेस."

"दोनदा?" बदिया फसकन हसली. "इतकी वर्षं माझी सासू हेच म्हणायची. भांडण झालं की मी दिराची पोर, काम निघालं की घरची सून. पण ताट एकच वाढायची हं मला! दोन बदिया म्हणून दोन ताटं कधी दिली नाहीत."

"आणि अबू नायेफ?" आत्या सावकाश म्हणाली.

"त्याचं काय?"

"तो आणि त्याचा आजोबा?"

"ते कसे एक? आजा आमच्या लग्नाआधीच गेला. त्यांना दोन ताटं. नुझ्हा, तुला ताप आहे का?"

आत्याला ताप नव्हता. ती खुर्चीत सरळ बसली. चौकट पुरुषाचं विचारेल तर नाही, बाईचं विचारेल तर हो. पुरुष दोन असून एका नावाचे, बाई एक असून दोन घरांची. एवढी साधी गोष्ट गाझीला कळली नव्हती, यंत्राला कळली नव्हती, आणि जिच्या आजूबाजूला सगळ्याच अशा बायका, त्या तिलाही कळली नव्हती! तिला स्वतःचाच इतका राग आला, की पहिलं 'नाही' तिनं टेबल हलेल एवढ्या जोरानं दाबलं.

"मला काय त्याचं," बदिया म्हणाली, "पण ते मोडेल."

"मोडू दे!"

गुरुवारला दोन दिवस उरले होते, ते दोन्ही ती बसून राहिली. सलीम, नाही. नायेफ, नाही. बदिया, हो. फिद्दा, हो. हिंद आली तेव्हा अडली, कारण हिंद खरंच दोन होत्या, एक थोरली आणि एक तिची भाची. मग फोन करून दोघींना विचारलं. थोरली हिंद म्हणाली, "मी अजून जिवंत आहे तोवर मला कुणात मिसळू नकोस." तिनं 'नाही' दाबलं. शेवटी तिच्या बापाचं पान आलं. त्याच्याखाली चार नावं. चौथ्या नावाबद्दल चौकटीनं काही विचारलं नाही. ती एकच होती, एकाच घरची. आत्या पाणी प्यायली आणि तिनं फाईल ईसाला पाठवली. पोचली का म्हणून तीनदा फोन केला.

"पोचली, बाई, पोचली. आता पत्रिकावाले माझ्या डोक्यावर बसलेत. झोपा."

शुक्रवारी नमाजानंतर बैठकीत झाड लागलं. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. अबू नायेफ काठी टेकत भिंतीकडे निघाला, तशी मी आत्याच्या कानात म्हणाले, "आता बघ. ओरडणार, आणि खाली उतरवायला लावणार. पैज?"

"कशाची?"

"कुनाफ्याच्या मिठाईच्या ताटाची."

"लाव. उतरवणार नाही तो. खोट काढील."

अबू नायेफनं चष्मा चढवला. त्याचं बोट आधी स्वतःच्या पानावर गेलं, तिथून वर बापाच्या पानावर, आणि मग शेजारी सरकलं. तिथे थांबलं. तीनदा खाकरला.

"हे... फिद्दा."

"हो काका," आत्या दारातून म्हणाली. आवाज तिचाच, पण कुणी चिमटा काढल्यासारखा.

"एवढं... बारीक? माझी आई... म्हणजे काय... मुंगी होती? सगळ्यांच्या आया... अशाच बारीक? कुणाला... दिसणार? मोठी करा. आणि... परत छापा."

"परत?" आत्याच्या हातातला पेला थाळीवर आदळला. "म्हणजे परत ती फाईल उघडायची? परत ती चौकट?"

बाहेर पुरुषांत जो तो आपापली आई शोधायला भिंतीकडे सरकत होता, आणि आत आत्या कपाळाला हात लावून म्हणत होती, की अक्षर मोठं कसं करतात ते तिला ठाऊक नाही, आणि गाझीला विचारायचं तर नाहीच. कुनाफ्याचं ताट मी संध्याकाळी नेऊन दिलं. तिनं कडेचा खरपूस तुकडा उचलला, पडद्यावरून नजर न काढता खाल्ला, आणि जिंकल्याचं एक हसू म्हणून दिलं नाही.