अबोलीची रोपं

कापलेल्या टाकळ्याचा उग्र वास आला की नव्वदच्या दशकातलं रोह्याचं आमचं नवं घर आठवतं. परसात कमरेइतकं रान माजलेलं. बाबा, बहीण, मी, सगळेच कोयते घेऊन भिडलो होतो. आईनं माहेराहून, गडबहून आणलेली अबोलीची रोपं आदल्याच दिवशी कुंपणाशी लावली होती. घाईत मी तीही छाटली नि ढिगात लपवली. "माजी अबोली कुठं गेली गो?" आईनं बहिणीला विचारलं. मीच म्हणालो, "शेजारची शेळी आली होती." शेजारीण कळवळून सांगत राहिली, "वहिनी, माजी शेळी सकाळपासून बांधलेली हाय." आई म्हणाली, "माजा पोरगा खोटं बोलत नाय." दोघींचं बोलणं कायमचं तुटलं. शेजारीण अजून तिथंच राहते, तिची माफी मी मागेनही. पण जिला आधी खरं सांगायचं होतं, ती आई आता नाही.