चारचौघांत जेवताना

कॅन्सरवर मात करणारा माणूस म्हणजे अवघ्या समाजाचं वैभव, असं आमच्या संस्थेचे अध्यक्ष माइकवरून म्हणाले. शाल दिली. नारळ दिला. मग शाळेच्या मैदानात पंगत बसली आणि त्या वैभवाची पत्रावळ खेळाच्या खोलीच्या दाराशी, एकटी मांडली गेली. शेजारी प्लास्टिकचा पेला.

मी लोणार तालुक्यातल्या या शाळेत इतिहास शिकवतो. घशाचा कॅन्सर, शरीरसंबंधातून येणाऱ्या विषाणूमुळे झालेला. किरणांनी गाठ गेली. लाळ गेली. आवाजही बराचसा गेला. एकत्र जेवल्यानं हा रोग पसरत नाही, हे डॉक्टरांनी लिहून दिलेलं हेडसरांनी वाचलं होतं.

"गैरसमज नका करू सर. तुमच्याच सोयीसाठी," हेडसर म्हणाले.

पंगतीतून क्लार्क ओरडला, "काहो सर, नेमकं कुठं तोंड घातल्यानं होते हा?"

पंगत हसली. अध्यक्षही हसले. माझी बायको नारळ हातात धरून तिथंच उभी होती.

माझ्या आजोबांच्या ओंजळीत याच गावात वरून पाणी ओतत. त्यांना कारण सांगायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. माझ्यासाठी विषाणू शोधला. प्रगती आहे.

मी पत्रावळ उचलली. क्लार्कच्या शेजारी मांडली. बसलो. तो उठला. पलीकडचे दोघे उठले.

"सर, तमाशा काऊन करता?" हेडसर वाकून म्हणाले.

"जेवतो आहे."

बायको रिकाम्या जागेवर येऊन बसली. वाढपी हेडसरांकडे पाहत थबकला.

"त्यायच्याकडे काय पाहता? भात वाढा," ती म्हणाली. "मले बी."

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात तपासणी होती. तिथं एक ताई आजारानंतरच्या जगण्याविषयी प्रश्न विचारते.

"काका, चारचौघांत जेवताना त्रास होतो का? अजिबात नाही, थोडा, बराच, की खूप?"

"कोणाला?"

"तुम्हाला, काका."

"खूप. थोडा घशामुळं. बाकीचा अध्यक्ष, हेडसर आणि क्लार्क यांच्यामुळं."

"नावं लिहायला जागा नाही हो यात."

तिनं 'खूप'वर खूण केली.

आता मी डबा स्टाफरूमच्या मधल्या टेबलावरच उघडतो. माठातलं पाणी सगळ्यांच्या पेल्यानं पितो. ज्याला उठायचं त्यानं उठावं. निवृत्त होईपर्यंत मी ती जागा सोडणार नाही.

वरणभात गिळायला वेळ लागतो. मधल्या सुट्टीत अर्धा डबा होतो.