संघाचा रकाना

बसलिंग अप्पा सराव घेण्याआधी स्वतः मैदान झाडत. येरमाळ्याहून वाशीकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात सोसायटीच्या जागेवर सिमेंटचा एक चौथरा होता, तेच मैदान. सुगीत त्यावर सोयाबीन वाळत घालत. एक दाणा जरी राहिला तरी बुटाखाली येऊन घोटा मुरगळे. म्हणून झाडू अप्पा दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. पहिल्यांदा बातमीसाठी गेलो तेव्हा त्यांनी मला कडेलाच अडवलं. "पत्रकार, चपला काढा. हे काय तुमचं हापीस न्हाय."

अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. बास्केटबॉल ते तरुणपणी सोलापुरात शिकले होते. गावात त्यांनी वीस वर्षं मुलींना शिकवलं, पण मंडळ कधी नोंदवलं नाही. स्पर्धेच्या अर्जात संघाच्या रकान्यात ते फक्त गावाचं नाव लिहीत. कारण विचारलं तर म्हणत, "मंडळ म्हटलं की अध्यक्ष आला. गावात गट दोन. एकाचा अध्यक्ष केला की दुसऱ्याच्या पोरी घरी बसत्यात."

रेखा ही गावातल्या शिंप्याची मुलगी. दहाव्या वर्षापासून ती अप्पांकडे खेळली. सोळाव्या वर्षी तिला पुण्याच्या एका व्यावसायिक क्लबनं नेलं. पुढे ते क्लब ज्या लीगमध्ये खेळत त्या लीगनं नियम केला: स्थानिक कनिष्ठ खेळाडू घडवणाऱ्या क्लबला अधिकृत प्रशिक्षण केंद्राचा दर्जा आणि नवं मैदान मिळेल. त्याच सुमारास सोसायटीनं चौथऱ्यावर धान्याची शेड बांधायचं ठरवलं होतं. अप्पा बैठकीत गेले. अध्यक्ष म्हणाले, "अप्पा, दर्जाचं पत्र आणा. जागेला हात लावणार न्हाय."

अर्ज मी लिहून दिला. सोबत जुने फोटो आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं जोडली. उत्तर चार ओळींचं आलं. खेळाडूच्या नावावर क्लब म्हणून पहिली नोंद पुण्याची आहे. गाव हा क्लब नव्हे. दर्जा पुण्याच्या क्लबला देण्यात आला आहे. अप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि घडी घालून कळशीत ठेवलं.

"बरोबरच हाय की. कागदावर म्या कुठं हाय?"

रेखाचा अप्पांना फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. पुण्याच्या क्लबच्या सत्कारात आपण सगळं जाहीर सांगणार, असं ती म्हणत होती.

"काय सांगणार हाईस?"

"तुम्ही शिकवलं म्हणून. जे खरं हाय ते."

"आन मग? तुला बाकावर बसवतील. तिथं बसायला शिकवलं व्हय म्या तुला? ते म्हणतील ते म्हण. खेळ सोडू नको."

सत्कारात रेखा क्लबनं दिलेला कागद वाचून बोलली. गावाचं नाव त्यात नव्हतं. ते भाषण अप्पांनी माझ्या मोबाइलवर शेवटपर्यंत पाहिलं. "पाठ सरळ ठेवून उभारली," एवढंच बोलले.

उन्हाळ्यात शेड उभी राहिली. रिंगांचे खांब कापले, खालचं सिमेंट तेच राहिलं. मुली यायच्या थांबल्या, अप्पा मात्र झाडू घेऊन जात राहिले. एकदा मी बरोबर होतो. हमाल सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लावत होते. जमिनीवर फ्री थ्रोची पांढरी रेघ अजून दिसत होती.

"थप्पी वीतभर मागं घ्या. रेघ झाकतीय."

"आता कशाला लागती रेघ, अप्पा?" हमालानं सरळपणे विचारलं.

अप्पा खाली वाकून पोत्यातून सांडलेले दाणे झाडू लागले.

थंडीत अप्पा गेले. रेखाचा त्या दिवशी सामना होता. ती आली नाही. अंत्यविधीहून परतताना मी शेडमध्ये डोकावलो. थप्पी रेघेच्या बरीच पुढे आली होती.