दोन मुक्कामांची वाट

"तीन दिवसाची वाट एका दिवसात चालून तुले जायचं कुठं हाय बापू? मांगं वाघ लागला का?"

"तसं नाही काका. होते का ते पाहायचं. दिवस बुडायच्या आत जंगलापलीकडच्या सडकेवर."

डोंगरसिंगानं अंकुरला वरपासून खालपर्यंत पाहिलं. झरी जामणीकडच्या या जंगलात तो सहा वर्षांपासून लोकांना वाट दाखवतो. लोक तंबू, भांडी, पाठीवर ओझी घेऊन येतात, दोन मुक्काम करतात. या यवतमाळच्या पोट्ट्याजवळ एवढीशी पिशवी, अन् मनगटावर चाललेली वाट टिपून ठेवणारं जाडजूड घड्याळ. रिकाम्या हातानं जंगलात दोघंच फिरतात, चोर नाहीतर मोजणीवाला.

वाट डोंगरसिंगाच्या वावराला लागूनच जाते. पाच एकर, बापानं कसलेली जंगलजमीन. ती नावावर करून देणाऱ्या सरकारी पट्ट्याचा दावा अजून लटकलेला. शेजारच्या उत्तमसिंगाच्या वावरातून मागच्या साली असाच एक घड्याळवाला गेला, अन् त्याचा दावा दीड एकर कापून परत आला.

नाला लागला तसा डोंगरसिंग डावीकडं वळला. "इकडून जवळ पडते."

"नकाशात वाट सरळ आहे."

"नकाशा चालला का कधी इथून?"

मग काटेरी झुडपं, दोन घाट, परत तोच नाला. दुपारी अंकुर थांबला. "काका, ही टेकडी सकाळी पाहिली ना?"

"टेकड्या काय, साऱ्या एका मायच्या लेकी."

चारच्या सुमारास अंकुरच्या टाचा फुटल्या, पाणी संपलं. जवळ विहीर एकच. तहानलेल्याला आडवाटेनं फिरवायचं म्हणजे पाप. डोंगरसिंगानं दातओठ खाल्ले अन् त्याला तिकडं नेलं.

"हे वावर कोणाचं?"

"असंन कोनाचं तरी."

तेवढ्यात कपाशीतून त्याची बायको हंसाबाई ओरडली, "आले का मालक? सकाळपासून तुमच्या वावरात मी एकटीच कापूस वेचून राह्यली! लोकायले वाट दाखवता, सोताचं वावर सापडत नाही काय?"

अंकुर हसला, पोटभर पाणी प्यायला अन् घड्याळ पुढं केलं. त्यावरची रेघ उसवलेल्या सुतळीसारखी गुंतली होती. "नऊ किलोमीटर जास्तीचे काका. नाहीतर एका दिवसात झालंच असतं."

"यात हे वावर आलं का?"

"आलं ना."

"मिटव."

"आजचं सारं चालणंच जाईल!"

"जाऊ दे. माही जमीन चालली तं?"

अंकुरनं एकदा वावराकडं पाहिलं. मग बटण दाबलं, रेघ गेली. डोंगरसिंगानं घड्याळ हातात घेऊन उलटं करून पाहिलं.

"अजून कुठं लपवून तं नाही ठेवलं?"

"नाही हो."

वाटेचं टोक अजून लांब होतं, पण गावाकडची सडक तिथून हाकेवर. अंकुर लंगडत गेला. वळणाआड होईपर्यंत डोंगरसिंगानं त्याच्या पाठीवरची नजर काढली नाही.

"पाह्यता काय?" हंसाबाई म्हणाली. "उजेड हाय तवर दोन पाती वेचून निंघतीन."

त्यानं कमरेला फडकं बांधलं, अन् वाकून कपाशीच्या ओळीत आपली पात धरली.