पडलेला तुकडा चालणार नाही

कड्याचे तुकडे पडतात आणि पायथ्याशी साचतात. पाण्यानं ते लांब वाहून नेले, तर घासून घासून त्यांचे गोटे होतात. पडले तिथेच राहिले, तर कोपरे धारदारच राहतात. मधल्या फटींत माती भरते, चुन्याचं पाणी झिरपतं, वाळतं, आणि सगळा ढिगारा पुन्हा एक दगड होतो. त्याला ब्रेशिया म्हणतात. नागपूरच्या एका कॉलेजात मी हे वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे आणि मुलं ते परीक्षेत बरोबर लिहीत आली आहेत. या दगडाशी आमचा याहून जास्त संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, मीसुद्धा. ते निवृत्तीला आले होते. दुसऱ्यांनी शोधलेले दगड शिकवण्यात त्यांची नोकरी गेली होती. स्वतःचा एखादा शोध असावा, असं ते बोलून दाखवत नसत. पण दुसऱ्यांचे शोधनिबंध वाचताना चष्मा पुसत बसत.

पूर्वी विभागाची सहल दरवर्षी शहराबाहेरच्या चुनखडकाच्या एका कड्यावर जायची. तिथे सरांचा एकच कायदा होता. जमिनीवर पडलेला तुकडा चालणार नाही, कारण तो कुठून आला कोण जाणे. प्रत्येकानं माथ्यावर उभं राहून हातोड्यानं कड्याचा ताजा तुकडा काढायचा. सर तो उलटापालटा करून बघत आणि बहुधा म्हणत, दुसरा काढ. नापसंत तुकडे कड्याखाली जात.

मग बरीच वर्षं सहल दुसरीकडे गेली. गेल्या वर्षी नवा रस्ता झाला म्हणून आम्ही पुन्हा त्या टेकड्यांत गेलो, पण तलावाच्या बाजूनं, म्हणजे खालून. घाणेरीच्या झुडपांत सरांना ब्रेशियाचा थर दिसला. तुकडे धारदार, चुन्यानं घट्ट बांधलेले. कडा एवढा कशानं फुटला असेल? सरांनी भूकंपाचा अंदाज केला. अंदाज सावध होता. कॉलेजच्या फ्लेक्सवर पोचेपर्यंत तो 'विदर्भातील महाभूकंपाचा शोध' झाला. परिसंवाद ठरला, शहरातल्या सदर भागातल्या हॉटेलात जेवण सांगितलं गेलं, शाली आल्या. सर त्या दिवसांत जिना चढताना कठड्याला हात लावत नव्हते.

परिसंवादाच्या आदल्या दिवशी आमची एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेत त्या दगडाचा काप काढत होती. सर आणि मी शेजारीच बसलो होतो. तिनं मशीन बंद केलं.

"सर, याच्यात सोड्याच्या बाटलीचं झाकण निघून राहिलं."

सरांनी भिंगातून पाहिलं. झाकण गंजलेलं होतं, पण दातेरी कड शाबूत होती. मग त्यांनी शेजारचे तुकडे पाहिले. एकावर हातोड्याच्या घावाची खूण होती. भिंग खाली ठेवून ते माझ्याकडे वळले.

"हा आपलाच कडा आहे गा. भूकंप मीच करून राहिलो होतो."

प्राचार्यांना सांगितलं तेव्हा ते गडबडले नाहीत. प्रत्येक तुकड्यात झाकण असेलच असं नाही, दुसरा तुकडा ठेवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. शाली परत जात नाहीत, हेही त्यांनी सांगितलं.

प्रमुख पाहुणे आधी बोलले. विदर्भाच्या माणसाला हादरे नवीन नाहीत, असं त्यांनी सांगितलं आणि टाळ्या झाल्या. मग सर उठले. महाभूकंपाच्या फ्लेक्सपुढे त्यांनी झाकणासकट तो काप टेबलावर ठेवला आणि घडलं ते सांगितलं. दगड ब्रेशियाच आहे, ते म्हणाले. तुकडे पडले, साचले, चुन्यानं बांधले गेले, सगळं रीतसर झालं. फक्त पाडणारे आम्ही होतो. पुन्हा टाळ्या झाल्या. मागच्या रांगांना ऐकू गेलं नसावं. सन्मानपत्र छापून झालेलं असल्यामुळे शाल भूकंपाबद्दलच मिळाली.

या वर्षीची सहल सरांची शेवटची. त्यांनी कडा तोच निवडला. खाली एका मुलीनं जमिनीवरचा तुकडा उचलून विचारलं, हा चालेल का. जुना कायदा माहीत असलेले आम्ही सगळे सरांकडे पाहू लागलो.

"कुठून पडला ते सांग, मग चालेल."

तिनं वर बोट दाखवलं. सरांनी मान वर करून कडा नीट पाहिला आणि तुकडा पिशवीत टाकला.